कोपर ते मनगट: रेडियस आणि अल्ना या जोडीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हाताच्या या भागाबद्दल विचारणारे प्रामुख्याने दोन प्रकारचे असतात. एक म्हणजे शरीररचनाशास्त्र नुकतंच शिकायला लागलेले विद्यार्थी, आणि दुसरे म्हणजे हात मोडल्यावर एक्स-रे समोर धरून बसलेले रुग्ण किंवा त्यांचे घरचे. दोघांनाही मी आधी एकच सांगेन: ही दोन हाडं सुटी सुटी शिकू नका. त्यांचा आकार, हालचाल, दुखापत, उपचार, सगळं जोडी म्हणून पाहिलं तरच उलगडतं. पुढची उत्तरं त्याच दृष्टीने लिहिली आहेत.

कोपर आणि मनगटाच्या मध्ये हाडं किती आणि कोणती?

दोन. अंगठ्याच्या बाजूला रेडियस आणि करंगळीच्या बाजूला अल्ना.

पुस्तकात ‘रेडियस बाहेरच्या बाजूला, अल्ना आतल्या बाजूला’ असं वाचाल. ते माणूस सरळ उभा आहे, हात अंगाशेजारी सोडलेले आहेत आणि तळहात समोर आहेत, या ठरलेल्या स्थितीत बरोबर आहे. तळहात मागे वळवला की रेडियसचं खालचं टोक आतल्या बाजूला जातं आणि गोंधळ सुरू होतो. म्हणून अंगठा आणि करंगळी ही खूण धरावी. हात कसाही फिरवा, ती बदलत नाही.

ही हाडं आपल्याच हातावर चाचपून ओळखता येतात का?

येतात, आणि पुस्तक उघडण्याआधी हेच करावं. कोपर वाकवा आणि दुसऱ्या हाताचं बोट कोपराच्या टोकावर ठेवा. हे टोक दंडाच्या हाडाचं आहे असं बहुतेकांना वाटतं, पण ते अल्नाचं आहे. त्याला ओलेक्रेनॉन म्हणतात. आता बोट न उचलता तिथून मनगटाकडे सरकवत न्या. हाडाची एक सलग धार थेट कातडीखाली लागत जाईल, मध्ये कुठेही स्नायू आड येणार नाही. ही अल्नाची मागची कड. तळहात जमिनीकडे असताना मनगटाशी करंगळीच्या बाजूला जो गोल उंचवटा दिसतो, तिथे अल्ना संपते.

रेडियस इतक्या सहज सापडत नाही. वरच्या भागात तो स्नायूंत दडलेला असतो. पण कोपराच्या बाहेरच्या बाजूला दंडाच्या हाडाचा उंचवटा लागतो, त्याच्या किंचित खाली, मागच्या अंगाला, एक खळगा आहे. तिथे बोट टेकवा आणि तळहात उताणा-पालथा करत राहा. बोटाखाली काहीतरी गोल फिरताना जाणवेल. ते रेडियसचं शीर, म्हणजे त्या हाडाचं गोल डोकं. मला विचाराल तर हाताच्या रचनेचा सगळ्यात चांगला धडा या एका बोटाखाली आहे. खाली मनगटाशी अंगठ्याच्या बाजूला मात्र रेडियस रुंद होतो आणि स्पष्ट लागतो.

एक हाड वर जाड, दुसरं खाली जाड, असं का?

कारण दोघांनी कामं वाटून घेतली आहेत. कोपर मुख्यतः अल्नाचं, मनगट मुख्यतः रेडियसचं.

अल्नाच्या वरच्या टोकाला पुढच्या बाजूने एक खोल, अर्धवर्तुळाकार खाच आहे. मागून ओलेक्रेनॉन आणि खालून-पुढून कोरोनॉइड नावाचा उंचवटा, अशा दोन टोकांमध्ये ही खाच तयार होते आणि दंडाच्या हाडाला, म्हणजे ह्युमरसला, घट्ट धरते. हात कोपरात सरळ होतो आणि वाकतो तो या बिजागरीवर. कोपर पूर्ण सरळ केल्यावर ओलेक्रेनॉन ह्युमरसच्या मागच्या खळग्यात जाऊन बसतं, म्हणून हात त्यापलीकडे मागे जात नाही. खाली येता येता अल्ना निमुळती होत जाते आणि मनगटाशी तिचं टोक अगदी लहान उरतं. मनगटाच्या छोट्या हाडांना ती थेट टेकतही नाही. मध्ये कूर्चेची, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचीक अशा ऊतीची, एक त्रिकोणी चकती असते.

रेडियसचं बरोबर उलट. वर त्याचं शीर लहान, चकतीसारखं गोल. त्याखाली बारीक मान. मग हाड खाली येत येत रुंद होतं आणि स्कॅफॉइड व ल्युनेट या मनगटाच्या दोन हाडांशी त्याचा सांधा होतो. तळहातावर भार दिला तर मनगटाशी त्यातला सुमारे ८० टक्के भार रेडियसवर येतो, उरलेला अल्नावर.

परीक्षेला जाणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की करावी: रेडियसचं शीर कोपराशी असतं आणि अल्नाचं शीर मनगटाशी. ‘शीर म्हणजे वरचं टोक’ हे गृहीतक इथे दगा देतं.

दोघांत लांब कोणतं?

अल्ना. कोपरात ती रेडियसच्या वर जाते. मनगटाशी मात्र रेडियस खालपर्यंत पोहोचतो. दोन्ही हाडांच्या खालच्या टोकांना स्टायलॉइड नावाचे अणकुचीदार भाग असतात. दोन बोटांनी ते एकाच वेळी चाचपले तर अंगठ्याकडचा सुमारे एक सेंटिमीटर अधिक खाली लागतो. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. मनगटाशी रेडियस मोडून वर सरकला की दोन्ही टोकं जवळजवळ एका पातळीवर येतात आणि नुसत्या बोटांनीही ते कळू शकतं.

तळहात उताणा आणि पालथा होतो तेव्हा आत नेमकं काय घडतं?

बहुतेकांना वाटतं की मनगट फिरतं. तसं नसतं. कोपर वाकवून बरगड्यांशी घट्ट धरा, म्हणजे खांद्याची हालचाल यात मिसळणार नाही. तळहात वर करा. या स्थितीत रेडियस आणि अल्ना एकमेकांना समांतर असतात. आता तळहात हळूहळू खाली वळवा. अल्ना जवळजवळ जागेवरच राहते. रेडियसचं शीर कोपराशी जागच्या जागी, स्वतःभोवती फिरतं. खालचं रुंद टोक मात्र अल्नाच्या शीराला वळसा घालून दुसऱ्या बाजूला जातं आणि मनगटासकट संपूर्ण पंजा सोबत नेतं. तळहात पूर्ण पालथा झाल्यावर रेडियस अल्नाला पुढून तिरका ओलांडून गेलेला असतो. या स्थितीतला एक्स-रे काढला तर दोन हाडांची फुली दिसते.

ही हालचाल ज्या आसाभोवती होते तो आस तिरका आहे. वर रेडियसच्या शीराच्या मध्यातून निघून तो खाली अल्नाच्या टोकाशी येतो, म्हणजे एका हाडातून सुरू होतो आणि दुसऱ्यात संपतो. दोन हाडं मिळून एकच यंत्रणा आहे, याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

रेडियसचं शीर फिरताना निसटू नये म्हणून त्याभोवती अ‍ॅन्युलर लिगामेंट नावाचं कडं असतं. ते दोन्ही टोकांनी अल्नाला जोडलेलं आहे. शिवाय रेडियस सरळ नाही, त्याला बाहेरच्या बाजूला हलकासा बाक आहे. अल्नाला न अडता तिच्यावरून पलीकडे जायला हा बाक लागतो. मोडलेला रेडियस सरळसोट जुळला, हा बाक गेला, तर हाड ‘जुळलेलं’ असूनही तळहात पूर्ण फिरत नाही.

मधल्या स्थितीपासून, म्हणजे अंगठा वर असताना, दोन्ही दिशांना साधारण ८० ते ९० अंश फिरता येतं. रोजची बहुतेक कामं मात्र दोन्हीकडे सुमारे ५० अंशांत उरकतात. त्यामुळे दुखापतीनंतर थोडी हालचाल कमी राहिली तरी बरेच जण नेहमीची कामं नीट करू शकतात. हे रुग्णांना वेळेवर सांगायला हवं, त्यांची काळजी बरीच हलकी होते.

स्क्रू घट्ट करायला सोपा आणि काढायला अवघड, यामागे हीच हाडं आहेत का?

उजव्या हाताने काम करणाऱ्यांसाठी, हो. स्क्रू घट्ट करताना उजवा हात उताणा होण्याच्या दिशेने फिरतो. त्या दिशेला ताकद देणारा मोठा स्नायू म्हणजे बायसेप्स. दंड फुगवून दाखवतात तोच. त्याचं खालचं टोक रेडियसच्या मानेखालच्या उंचवट्यावर बसतं. तळहात पालथा असताना हा उंचवटा मागे वळलेला असतो आणि स्नायूचा दोर हाडाला गुंडाळला जातो. स्नायू आखडला की तो उलगडतो आणि रेडियस फिरतो. कोपर काटकोनात वाकलेलं असेल तर हा जोर सगळ्यात चांगला लागतो. एका हाताने दंडाचा बायसेप्स धरून दुसऱ्याने स्क्रू फिरवण्याची क्रिया करून बघा, स्नायू टणक होताना लगेच कळेल.

उलट दिशेने फिरवणारे मुख्य स्नायू दोन आणि दोन्ही बायसेप्सपेक्षा लहान: कोपराजवळचा प्रोनेटर टेरीस आणि मनगटाजवळ दोन हाडांमध्ये आडवा पसरलेला चौकोनी प्रोनेटर क्वाड्रेटस.

दोन हाडांच्या मध्ये पोकळी असते का?

नाही. तिथे इंटरॉसिअस मेम्ब्रेन नावाचा तंतूंचा मजबूत पडदा आहे. त्याचे बहुतेक तंतू रेडियसकडून अल्नाकडे तिरके खाली उतरतात. तळहातावर भार आला की रेडियस वर ढकलला जातो, हे तंतू ताणले जातात आणि भाराचा काही हिस्सा अल्नाकडे जातो. मनगटाशी भार रेडियस घेतो आणि कोपराची बळकट बिजागरी अल्नाकडे आहे, या दोन गोष्टींचा मेळ इथे बसतो. बोटांच्या कित्येक स्नायूंचा उगमही याच पडद्यावरून होतो.

कोपर आपटल्यावर झिणझिण्या येतात, ते कोणतं हाड?

हाड नाही, नस, म्हणजे मज्जातंतू. ही अल्नर नस कोपराच्या आतल्या बाजूला, ह्युमरसच्या उंचवट्यामागून, कातडीच्या अगदी जवळून जाते. तिथे मार लागला की करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या अर्ध्या भागात झिणझिण्या येतात.

नाडी अंगठ्याच्या बाजूलाच का पाहतात?

तिथे रेडियल धमनी वरवर असते आणि खाली रेडियसच्या रुंद टोकाचा कडक आधार मिळतो. बोटाने धमनी हाडावर हलकी दाबता येते, म्हणून ठोका स्पष्ट लागतो.

हात टेकून पडल्यावर मनगटच का मोडतं?

पडताना आपण नकळत हात पुढे करतो. तळहात जमिनीवर आपटतो, मनगट मागे वाकलेलं असतं आणि अंगाचा भार रेडियसच्या खालच्या टोकावर येतो. हे टोक रुंद असलं तरी आतून बरंचसं जाळीदार हाड असतं आणि बाहेरचा कठीण थर पातळ. वय वाढल्यावर, विशेषतः पाळी थांबल्यानंतर बायकांमध्ये, ही जाळी विरळ होते. मग उभ्या उभ्या तोल जाऊन पडणंसुद्धा पुरतं.

मोडलेला तुकडा मागच्या बाजूला सरकला तर त्याला कोलीस फ्रॅक्चर म्हणतात. आयरिश शल्यचिकित्सक अब्राहम कोलीस यांनी १८१४ साली त्याचं वर्णन केलं. क्ष-किरणांचा शोध लागला १८९५ मध्ये. म्हणजे त्याच्या ८१ वर्षं आधी, केवळ हाताने तपासून, त्यांनी हे ओळखलं होतं. तुकडा पुढच्या बाजूला सरकला तर ते स्मिथ फ्रॅक्चर.

पन्नाशीनंतर साध्या पडण्याने मनगट मोडलं असेल तर प्लास्टर निघालं म्हणजे काम संपलं असं समजू नये. हाडांच्या घनतेची तपासणी करून घ्यावी. पुढे खुब्याचं किंवा मणक्याचं हाड मोडू शकतं, याची ही बऱ्याचदा पहिली सूचना असते.

एकच हाड मोडलंय, तरी कोपर आणि मनगट दोन्हींचा एक्स-रे का काढतात?

रेडियस आणि अल्ना वरच्या आणि खालच्या टोकाला सांध्यांनी जोडलेली आहेत, त्यामुळे त्यांचं मिळून एक बंद कडं तयार होतं. एक हाड मोडून आखूड झालं की दुसऱ्यावर ताण येतो. मग एकतर दुसरंही मोडतं किंवा टोकाशी सांधा निखळतो.

अल्ना वरच्या भागात मोडली आणि रेडियसचं शीर कोपरात निखळलं, तर ती मॉन्टेजिया प्रकारची दुखापत. इटलीच्या जोव्हानी बाटिस्टा मॉन्टेजिया यांनी तीही १८१४ मध्येच नोंदवली. रेडियस मोडला आणि मनगटाजवळचा दोन हाडांमधला सांधा निखळला, तर ती गालेआत्सी प्रकारची. रिकार्डो गालेआत्सी यांचं वर्णन १९३४ सालचं. दोन्हींत धोका सारखाच: मोडलेलं हाड सहज दिसतं आणि निखळलेला सांधा नजरेतून सुटतो. मुलांमध्ये हे राहून गेलं तर काही महिन्यांनी कोपर वाकत नाही, हात फिरत नाही आणि उपचार कितीतरी अवघड होतात. म्हणून दोन्ही सांध्यांचे एक्स-रे मागितले तर ते अनावश्यक समजू नका. मागितले नसतील तर आपणहून विचारा.

याला अपवाद आहे. हातावर सरळ फटका बसला, विशेषतः तोंड वाचवायला हात वर केलेला असताना, तर कधी कधी एकटी अल्ना मधोमध मोडते. मात्र सांधे शाबूत आहेत याची खात्री तेव्हाही करावीच लागते.

मुलांची हाडं वेगळ्या तऱ्हेने मोडतात का?

हो. मुलांचं हाड लवचीक असतं आणि त्याभोवतीचं आवरण जाड. त्यामुळे ओली फांदी वाकवल्यावर जसं होतं तसं, एका बाजूला तडा जातो आणि दुसरी बाजू नुसती वाकते. याला ग्रीनस्टिक फ्रॅक्चर म्हणतात. मनगटाजवळ कधी हाड तुटतही नाही, फक्त दबून त्याला वळी पडते. असं हाड साध्या आधाराने तीनेक आठवड्यांत बरं होतं.

मुलांचा एक्स-रे पाहणाऱ्याने वाढीच्या पट्ट्या, म्हणजे हाडाच्या टोकाजवळचे कूर्चेचे थर जिथून हाड लांब वाढतं, ओळखायला हव्यात. रेडियसच्या खालच्या टोकाचं स्वतंत्र अस्थिकेंद्र (कूर्चेत हाड बनायला सुरुवात होते ती जागा) साधारण पहिल्या वर्षाच्या आसपास दिसू लागतं, अल्नाच्या खालच्या टोकाचं पाच-सहा वर्षांच्या सुमारास आणि ओलेक्रेनॉनचं नऊ-दहाव्या वर्षी. केंद्र दिसू लागल्यापासून ते बाकीच्या हाडाशी जुळेपर्यंत मधली कूर्चा काळ्या रेघेसारखी दिसते आणि नवख्याला ती फ्रॅक्चर वाटते. मनगटाजवळच्या पट्ट्या साधारण १६ ते १९ वर्षांच्या दरम्यान बंद होतात, मुलींमध्ये थोड्या आधी. वय ठरवताना मनगटाचा एक्स-रे काढतात तो यासाठीच.

रेडियसची सुमारे तीन चतुर्थांश वाढ खालच्या पट्टीतून होते. म्हणून लहान वयात मनगटाजवळ थोडं वाकडं जुळलेलं हाड वाढीबरोबर बरंच सरळ होतं. पालकांना एक्स-रेवरची ती वाकडी रेघ पाहून धक्का बसतो, पण डॉक्टर ‘थांबू या’ म्हणतात त्यामागे हेच असतं. उलट, कोपराजवळ किंवा वाढ संपत आलेल्या वयात ही सवलत फारशी मिळत नाही.

लहान मुलाला हाताला धरून उचललं आणि तेव्हापासून ते हात हलवत नाही. काय झालं असेल?

साधारण एक ते चार वर्षांच्या मुलांत हे वारंवार दिसतं. हात अचानक ओढला गेला की अ‍ॅन्युलर लिगामेंट रेडियसच्या शीरावरून सरकून सांध्यात अडकतं. मूल हात अंगाशी, तळहात पालथा ठेवून धरतं आणि हलवू देत नाही. सूज सहसा नसते. डॉक्टर एका छोट्या हालचालीने ते जागेवर बसवतात आणि बहुतेक मुलं काही मिनिटांत तो हात वापरू लागतात. घरी ओढून-पिळून बघू नका, कारण मूल पडलं असेल तर खरोखर हाड मोडलेलं असू शकतं. मुलांना उचलताना काखेत धरावं, मनगटाला धरून झुलवू नये.

कोणाला प्लास्टर, कोणाला प्लेट?

मनगटाजवळ मोडलेलं हाड नीट जागेवर असेल तर साधारण पाच-सहा आठवडे प्लास्टर पुरतं. मुलांमध्ये दोन्ही हाडं मोडली तरी बऱ्याचदा बाहेरून बसवून प्लास्टर घालतात.

प्रौढांमध्ये दोन्ही हाडं मधोमध मोडली तर मात्र बहुधा शस्त्रक्रिया करून प्लेट आणि स्क्रू बसवतात. वर सांगितलेला रेडियसचा बाक, दोघांची लांबी आणि मधलं अंतर, हे सगळं जसंच्या तसं परत मिळवायचं असतं. पायाच्या हाडात थोडा फरक खपतो, इथे तो थेट हात फिरण्यावर येतो. मधोमध मोडलेल्या हाडांचं प्लास्टर कोपराच्या वरपर्यंत घालतात, तेही याच कारणाने: कोपर मोकळं राहिलं तर हाडं फिरत राहतात.

प्लास्टर घातल्यावर कोणती लक्षणं दिसली की लगेच परत जावं?

वेदना कमी होण्याऐवजी वाढत असेल, गोळी घेऊनही थांबत नसेल, दुसऱ्याने बोटं सरळ केली तर कळ असह्य होत असेल, बोटं बधिर, पांढरट किंवा गार पडत असतील, तर सकाळची वाट पाहू नका. स्नायूंच्या कप्प्यातला दाब वाढून रक्तपुरवठा अडतो. याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात आणि काही तासांत स्नायू कायमचे निकामी होऊ शकतात. बोटं कायमची आत वळून राहण्याच्या या परिणामाचं वर्णन रिखार्ड फॉन फोल्कमान यांनी १८८१ मध्येच केलं होतं. हात मोडताच अंगठ्या आणि बांगड्या काढून ठेवाव्यात, सूज चढल्यावर त्या निघत नाहीत.

इतर प्राण्यांत ही दोन हाडं असतात का?

असतात, पण कामानुसार बदललेली. घोड्यात अल्नाचा खालचा भाग जवळजवळ नाहीसा झाला आहे आणि उरलेला रेडियसशी जुळला आहे. वेगाने पळताना पाय पिळवटून चालत नाही. बेडकात दोन्हींचं मिळून एकच हाड असतं. पक्ष्यांत अल्ना जाड असते आणि अनेकांत तिच्यावर पंखांची पिसं रुजण्याचे उंचवटे ओळीने दिसतात. देवमाशाच्या वल्ह्यासारख्या परातही दोन्ही हाडं आहेत, आखूड आणि चपटी. माकडांना आणि माणसाला पंजा मोकळेपणाने फिरवता येतो, कारण दोन्ही हाडं सुटी राहिली आणि रेडियसचं शीर गोल झालं.

सुटं हाड हातात दिलं तर उजवं की डावं कसं ओळखायचं?

हाड आपल्याच हातात बसवतोय असं समजून उभं धरा. रेडियस असेल तर गोल चकती वर, रुंद टोक खाली. रुंद टोकाच्या एका पृष्ठावर छोटे उंचवटे आणि खाचा असतात, त्यांतला ठळक उंचवटा म्हणजे लिस्टरचा ट्युबर्कल. ते पृष्ठ मागे, आपल्याकडे. गुळगुळीत पृष्ठ पुढे. आता स्टायलॉइडचं टोक उजवीकडे आलं तर हाड उजव्या हाताचं.

अल्ना असेल तर मोठी खाच वर आणि तिचं तोंड समोर, आपल्यापासून दूर. त्या खाचेला लागून एका बाजूला रेडियसच्या शीरासाठी लहान खाच दिसेल. ती उजवीकडे असेल तर उजवी अल्ना. दोन्ही ओळखून झाली की ती एकमेकांशेजारी लावा, शीर लहान खाचेत टेकवा आणि रेडियस अल्नावरून फिरवून पाहा. तो सहज फिरला तर तुम्ही बाजू बरोबर ओळखली आहे.